लहान बुडाचं काडतूस

मी सदानंद, मसोलीचा फिटर. नरपडपासून चिंचणीपर्यंत ज्या होड्यांना इंजिन आहे, त्यांतली निम्मी इंजिनं माझ्या हाताखालून गेलीत. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, फुशारकी म्हणूनच सांगतो. पण गोष्ट माझी नाही, तळासरीच्या शुक्राची आहे, आणि तीत माझं नाक कसं कापलं गेलं तेही मी लपवणार नाही.

साल सत्तावन्न. नरपडला अर्देशीरशेठची चिकूची वाडी होती आणि त्यांच्याकडे मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून घेतलेली रायफल. शेठची नजर अधू झाली, म्हणून त्यांच्या वतीने ती चालवायला परवान्यावर शुक्राचंही नाव चढवलेलं. वारली पाड्यावरच्या माणसाचं नाव सरकारी परवान्यावर! अख्ख्या पाड्याला त्याचा अभिमान होता.

त्या वर्षी एका बिबट्याने तळासरीकडे वासरांमागून वासरं मारली, आणि शेवटी एका म्हातारीवर झेप घेतली. सकाळी हाकारा घातला, आरडाओरड करून जनावर झाडाकडे हाकललं. शुक्रा झाडावर बसला, त्याचा धाकटा भाऊ तुक्या खाली हाकाऱ्यांत. पहिली गोळी बरोबर लागली. पण जखमी जनावर तुक्याकडे वळलं. शुक्राने पुढचं काडतूस नळीत ढकलणारा बोल्ट मागे ओढला, पुढे ढकलला, घोडा दाबला, आणि नुसतं ‘टक्’ वाजलं. नळीत काडतूस चढलंच नव्हतं. बिबट्या मेला, पण मरण्याआधी त्याने तुक्याचा उजवा हात फाडला. दवाखान्यात तो कोपरातून कापावा लागला.

पाड्यावर कुजबुज सुरू झाली. शुक्रा घाबरला, त्याने बोल्ट पुरता ओढलाच नाही. शेठने रायफल माझ्याकडे आणली. मी ती व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळली, चार काडतुसं भरली आणि बोल्ट हलवून पाहिला. चारही काडतुसं लोण्यासारखी चढली.

“रायफल चोख आहे, शेठ,” मी म्हणालो. “माणूस कच्चा निघाला.”

एवढं बोलून गप्प बसलो असतो तर मी कसला सदानंद! चहाच्या दुकानात बोललो, एसटीत बोललो. माझ्याआधी माझा शब्द तळासरीला पोचला. तुक्या भावाशी बोलेनासा झाला. येत्या सोमवारी परवान्यावरचं शुक्राचं नाव काढायचं, असं शेठने ठरवलं.

शनिवारी शुक्रा माझ्या दुकानात आला. तळासरीहून चालत. मला वाटलं, हातापाया पडेल. तो उभाच राहिला.

“मिस्तरी, तू बंदूक कशी धरलेली?”

“व्हाइसमध्ये. अगदी सरळ.”

“मी झाडावर होतो. नळी खाली होती. आणि समोर माझा भाऊस होता. तू बोल्ट हळू मारलास, मी हळू कसा मारू?”

त्याने टेबलावरचं काडतूस उचललं आणि अंगठा बुडाकडे नेला. “हा बूड बघ. पोटाहून बारीक हाय.”

ते मला का ठाऊक नव्हतं? उलट त्याचं मी चार लोकांत कौतुक केलं होतं. पोट मोठं, म्हणून दारू जास्त मावते आणि मार जबर. बूड मात्र साध्या काडतुसाएवढं, म्हणून बोल्ट नेहमीचाच चालतो, मोठा घडवावा लागत नाही. साहेबाची अक्कल, असं मी म्हणायचो. त्या अकलेची दुसरी बाजू शुक्राच्या अंगठ्याने मला दाखवली. काडतुसं भरायच्या पेटीच्या, म्हणजे मॅगझिनच्या, ओठाला टेकतं ते पोट. बुडाची बारीक कड त्याच्याही खाली राहते. बोल्टने पुढे ढकलायला पकडायची ती तेवढीच कड. काडतुसं खालून वर रेटणारी स्प्रिंग जरा दमलेली असली आणि हात झपाट्याने चालला, तर बोल्ट काडतुसावरून घसरून रिकामाच पुढे जाणार. माझ्या व्हाइसमध्ये, हळू हातामुळे, स्प्रिंगला सवड मिळत होती. झाडावर ती कोण देणार?

मी ते काडतूस त्याच्या हातातून घेतलं.

“उद्या शेठसमोर दाखवू,” मी म्हणालो.

“शेटसमोर दाखव. पण तुक्याला आण.”

रात्रभर बसून मी लेथवर पितळेची चार खोटी काडतुसं केली, दारू नसलेली. रविवारी वाडीत शुक्रा आंब्यावर चढला. खाली शेठ, शेजारी तुक्या, रिकामी बाही खोचलेली. शुक्राने नळी खाली रोखली आणि बोल्ट सपकन मारला. तो हात मी पाहिला. माझ्या उभ्या आयुष्यात इतका स्वच्छ, इतका पुरता ओढलेला बोल्ट मी पाहिला नाही. आणि नळी रिकामी! दहा वेळा मारला, सहा वेळा रिकामी.

शेठने टोपी काढली. “सोमवारचा विषय संपला. नाव राहील.”

शुक्रा खाली उतरला आणि शेठकडे न बघता माझ्यासमोर आला.

“तू एसटीत बोललास. आता बाजारात बोल.”

खरं सांगतो, बाजारात तोंड दाखवायची इच्छा नव्हती. पण त्या माणसासमोर नाही म्हणायची माझी छाती नव्हती. पुढच्या बाजाराला मी तळासरीत गेलो आणि सुक्या बोंबलांच्या पाट्यांमध्ये उभा राहून ओरडलो, “मी सदानंद, मसोलीचा फिटर! शुक्राचा हात पक्का आहे. रायफलीची स्प्रिंग दमली होती, काडतुसाचं बूड लहान होतं आणि मी न बघता बोललो. दोष माझा!”

लोक हसले. एका बाईने मला शिवी दिली, ती मी रास्त म्हणून घेतली. मग गर्दीतून तुक्या पुढे आला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. डावा हात भावाच्या खांद्यावर ठेवून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

“माझा हात जनावराने नेला, दादाने नाय. पुढच्या हाकाऱ्याला मी दादाच्याच झाडाखाली उभा राहीन.”