काकांचं प्रोफाइल

“चालूच आहे की हे!” असं म्हणत किल्लीताई टेबलाखाली वाकल्या आणि त्यांनी कंप्यूटरच्या डब्याला हात लावून पाहिला. डबा चांगला गरम होता. वरचा स्क्रीन काळाठिक्कर, पण आतला पंखा आपला घुंघुं करत बसलेला. शनिवारची सकाळ होती आणि पाणीपुरवठ्याच्या त्या कार्यालयात चिटपाखरू नव्हतं, त्यामुळे ताईंना मनसोक्त चिडता आलं.

आदल्या दिवशी घसा सुकेपर्यंत त्यांनी एकेका टेबलापाशी जाऊन बजावलं होतं की बाबांनो, नुसता स्क्रीन बंद करून घरी पळू नका, लॉग ऑफ करा. सगळ्यांनी केलंही. राहिले ते तक्रार टेबलावरचे काका. लोकांचे फोन घ्यायचे आणि कुठे नळ कोरडा, कुठे पाइप फुटला ते टाइप करायचं, हे काम काका इतकी वर्षं करत होते की गावातले निम्मे लोक त्यांना आवाजावरून ओळखत.

आणि किल्लीताई म्हणजे कंप्यूटर विभाग. विभाग म्हणजे त्या एकट्याच. अख्खं कार्यालय पासवर्ड विसरून त्यांच्याकडे धावायचं, म्हणून हे नाव पडलेलं. सगळ्या मशीनवर नवी सिस्टीम घालायचं ठरलं तेव्हा साहेब म्हणाले होते, “जुनं सगळं पुसा. कोरी पाटी. कटकट नको.”

“साहेब, घर बदललं तरी चहाचा डबा हात जाईल तिथेच सापडायला हवा,” ताई म्हणाल्या होत्या. “प्रत्येकाची मांडणी वेगळी असते. ती मी जशीच्या तशी नेऊन देते.”

ती मांडणी म्हणजेच प्रोफाइल. कुणाच्या नातवाचा फोटो, कुणाच्या फायलींचा पसारा, कुणाचं उजवीकडचं घड्याळ. साहेब कसेबसे तयार झाले, पण जाता जाता म्हणाले, “सोमवारी सकाळी सगळं चालू पाहिजे. आणि नवीन ज्याला झेपणार नाही, त्याला खाली तळघरात रेकॉर्डला बसवू.”

आता गोम अशी की माणूस लॉग ऑफ करतो तेव्हाच त्याची मांडणी सर्व्हरवर, म्हणजे कार्यालयाच्या मुख्य कंप्यूटरवर, जाऊन बसते. ताईंनी पाहिलं तर काकांची सर्व्हरवरची मांडणी जुनीपुराणी होती. ह्या गृहस्थांनी कित्येक महिन्यांत लॉग ऑफ केलेलंच नव्हतं. वर पासवर्डची मुदतही संपलेली, म्हणजे सर्व्हर काकांना ओळखच देईना.

“धन्य आहे,” असं पुटपुटत त्यांनी स्क्रीनचं बटण दाबलं आणि दचकून मागे सरकल्या. काळ्या पडद्यावर पिवळीधमक अक्षरं, एकेक अक्षर मुठीएवढं. एका ओळीत दोनच शब्द मावलेले. बाणसुद्धा पेरूएवढा मोठा.

ताईंचा राग कुठल्या कुठे पळाला. त्यांनी खुर्ची ओढली, खाली बसल्या आणि काकांना फोन लावला.

काका अर्ध्या तासात आले, इस्त्रीचा शर्ट घालून. सुट्टीच्या दिवशीही ऑफिसला यायचं म्हणजे इस्त्री हवीच. टेबलामागे येऊन चालू स्क्रीन पाहिला आणि ते जागीच थबकले.

“म्हणजे कळलं तुम्हाला,” ते म्हणाले.

“काका, लॉग ऑफ का नाही करत तुम्ही?”

“अहो, ही मोठी अक्षरं आत शिरल्यावर. दारावरची, म्हणजे पासवर्ड टाकतो तिथली, अक्षरं बारीकच असतात ना! एकदा बाहेर पडलो तर परत आत येता येत नाही मला. मग म्हटलं, बाहेर पडायचंच कशाला?” काका हसले, पण हसू काही टिकलं नाही. “नजरेतला मधला भाग दिसतच नाही हो. कडेकडेनं बघतो. डॉक्टर म्हणाले, वाढणारच हे.”

“घरी माहीत आहे?”

“बायकोला आहे. इथे कुणाला नाही. साहेबांना कळलं तर मी तळघरात, ताई. तिथे फोनसुद्धा नाही. मी करू काय तिथे? लोकांशी बोलणं हेच तर माझं काम.”

ताईंना भरून आलं, पण भरून येऊन सर्व्हर चालत नाही. “पासवर्ड नवा लागेल,” त्या म्हणाल्या.

“तुम्हीच टाका की. मला कुठे दिसतंय?”

“नाही. दुसऱ्याचा पासवर्ड मी आजवर घेतलेला नाही, आणि घेणारही नाही. बोटांना तर दिसतंय ना तुमच्या?” असं म्हणून त्या पाठ फिरवून खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मागे टकटक झाली. चुकलं. पुन्हा टकटक, पुन्हा चुकलं. काकांचं देवाचं आणि दानवाचं, दोघांचंही नाव घेऊन झालं. मग एकदाची मशीननं मान डोलावली, काकांनी लॉग ऑफ केलं आणि काकांचं सामान सावकाश सर्व्हरकडे निघालं. दोघं त्याच्याकडे बघत बसून राहिले, लग्नातलं सामान ट्रकमध्ये चढताना बघावं तसे.

मग ताईंनी नवी सिस्टीम घातली आणि काकांच्या मशीनवर दारावरची अक्षरंही मोठी करून टाकली. काकांनी स्वतः पासवर्ड टाकला. क्षणभर पांढरं, बारीक, परकं असं काहीतरी आलं आणि काका पुढे झुकले. मग काळा पडदा पसरला आणि त्यावर पिवळी अक्षरं उमटली.

“आलं,” काका म्हणाले. “सगळं आलं हो!”

किल्लीताईंना स्वतःचा अभिमान वाटला, अगदी छाती भरून. घरी सासूबाई विचारायच्या, तू दिवसभर करतेस तरी काय? आज सांगण्यासारखं होतं, पण सांगायचं नव्हतं.

सोमवारी सगळ्यांची मशीनं सुरू झाली. ज्याचं त्याला मिळालं, आणि म्हणून कुणीच काही बोललं नाही. काम बिनबोभाट झाल्याची हीच पावती. साहेब फेरी मारत तक्रार टेबलाच्या मागच्या बाजूला आले आणि थांबले.

“हे काय? एवढी मोठी अक्षरं?”

ताई पुढे झाल्या. “साहेब, नव्या सिस्टीममध्ये ज्याला हवं तसं...”

“थांबा ताई,” काका खुर्चीतून उठले. “साहेब, मला नीट दिसत नाही. बरेच महिने झाले. लपवलं मी. पण काम थांबलं असेल तर दाखवा.”

तेवढ्यात फोन वाजला. काकांनी तो उचलला. “हां, बोला मावशी... शाळेमागची टाकी ना? कालपासून वाहतेय?” बोलता बोलताच बोटं चालत होती, आणि शब्द एकेक करून पडद्यावर पिवळे होत होते.

साहेबांनी ती तक्रार चार पावलांवरून वाचली, एकही शब्द न चुकता. “ही लगेच पाठवा,” एवढंच म्हणाले आणि आपल्या खोलीकडे निघाले. दारापाशी वळून म्हणाले, “डॉक्टरांचं पत्र आणून द्या. वर मी बोलतो. टेबल हेच राहील.”

काकांनी फोन ठेवला आणि रुमालानं चष्मा पुसला. इतके महिने तो स्क्रीन भिंतीकडे तोंड करून असायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू नये म्हणून. काकांनी तो दोन्ही हातांनी धरला, वायर अडकली ती सोडवली, आणि तोंड हॉलकडे करून ठेवला.