घोगऱ्या आवाजाचा बर्नार्दिनो

आमच्या ह्यांचा घसा बसला, तेव्हा पहिला आठवडा मला बरंच वाटलं. खोटं कशाला बोलू? दयानंद पेशाने इंजिनिअर, पण जीव सगळा भाषणात. दर शुक्रवारी, म्हणजे इथल्या आखातातल्या सुट्टीच्या दिवशी, अल् घुब्राच्या आमच्या फ्लॅटमध्ये बुद्धवंदना झाली, की हे बोलायला उभे राहणार, गॅसवर चहा आटून जाणार आणि मी पहिल्या रांगेत डुलक्या काढणार. ठरलेलंच.

पण महिना झाला तरी आवाज उघडेना. डॉक्टरांनी घशातली गाठ काढून तपासायला पाठवली आणि मी रोज रिपोर्टची वाट बघू लागले.

बोलायची बंदी असताना हे पुढचं भाषण लिहीत बसले. विषय बर्नार्दिनो, सहाशे वर्षांपूर्वीचा इटलीतला फ्रान्सिस्कन पंथाचा ख्रिस्ती साधू. गावोगाव पायी हिंडून भर चौकात तासन् तास प्रवचनं करायचा, शिवाय ग्रंथ लिहायचा. त्याचाही आवाज आधी घोगरा होता आणि प्रार्थनेने मोकळा झाला, अशी आख्यायिका. ह्यांनी त्या ओळीवर काट मारून शेजारी लिहिलं, "चमत्कार. वगळणे."

मला काही ती वगळता येईना. हे अंघोळीला गेल्यावर मी बुद्धाच्या फोटोपुढे बसले आणि चक्क नवस बोलले. आमच्यात नवस नसतो, बुद्ध काही देत-घेत नाही, हे मीच मुलांना शिकवलंय. पण भीतीपुढे शहाणपण कुठलं टिकायला! म्हटलं, "तथागता, ह्यांचा आवाज परत दे. ह्यांच्या भाषणात पुन्हा कधी झोपणार नाही."

रिपोर्ट आला. डॉक्टर हसून म्हणाले, "कुछ नहीं है भाभी, सादी गाँठ थी. टेन्शन खलास!" मी तिथेच खुर्चीत बसून हमसून हमसून रडले. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

आवाज परतला, भाषण झालं. चांगलं लांबलचक. बर्नार्दिनो प्रवचनात झोपणाऱ्या बायकांना भर चौकात खडसवायचा, हे सांगताना ह्यांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. मी टक्क जागी होते.

पाहुणे गेल्यावर हे म्हणाले, "प्रमिला, आज झोप नाही आली?"

नवसाचं सांगितलं असतं, तर अंधश्रद्धेवर आणखी एक भाषण झालं असतं आणि तेही मला जागून ऐकावं लागलं असतं.

"नाही आली," मी म्हटलं. "तुम्ही बोला हो. मी ऐकतेय."