साडेतेरा इंचांचा गळा

शर्टांच्या त्या कारखान्यात तिला सगळे कॉलरवालीच म्हणत. कॉलरी ती शिवायची आणि तिचा गळा बरोब्बर साडेतेरा इंच होता. बायकांच्या गणवेशाची पहिली कॉलर तिच्या गळ्याला लावून बघायची, ती बसली की पुढची कापणी. कापणी बघणाऱ्या मास्तरांचा टेपपेक्षा त्या गळ्यावर जास्त विश्वास होता. माणसावर मात्र काडीचा नव्हता.

दीड महिना झाला, तिचा ताप हटत नव्हता. मलेरिया नाही, टायफॉइड नाही, छातीचा फोटो स्वच्छ. डॉक्टरांनी गोळ्या तीनदा बदलल्या. कान आणि जबडा ठणकतो म्हटल्यावर दातांच्या डॉक्टरकडे पिटाळलं, तर त्याने धडधाकट दाढ उपटून हातात ठेवली. नवऱ्याने तर विचारलं, थर्मामीटर चहात बुडवतेस का? रोज मरे त्याला कोण रडे!

"तापाचं कारण समजत नाही?" मास्तरांनी डॉक्टरांचा कागद तिच्यासमोर आपटला. "मला समजतं. कामचुकारपणा! शनिवारपर्यंत आजाराचं नाव आण, नाहीतर तुझं मशीन दुसरीला देतो."

बुधवारी दोनशे शर्ट परत आले. सगळ्यांची कॉलर ढगळ.

"डोळे फुटले होते का तुझे?" मास्तर सगळ्यांसमोर कडाडले. त्यांनी एक शर्ट उचलला आणि कॉलर तिच्या गळ्याभोवती घालून बटण लावलं. बोट टेकताच ती किंचाळली.

"नाटकं पुरे! बरोबर तर बसतेय की..." आणि ते थबकले.

तिने त्यांच्या खांद्यावरचा टेप ओढला आणि स्वतःच्या गळ्याला लावला. चौदाच्याही पुढे. अंगावरचे कपडे लोंबायला लागले होते, पाच किलो वजन उतरलं होतं, आणि गळा तेवढा वाढला होता. ती तशीच डॉक्टरांकडे गेली.

"आज कागद बघू नका," ती म्हणाली. "गळ्याला हात लावा."

डॉक्टरांनी दाबलं. ती खुर्चीतून उठलीच. मग रक्त तपासलं, गळ्याची सोनोग्राफी झाली.

"थायरॉइडला सूज आहे," डॉक्टर खाली बघत म्हणाले. "ताप त्याचाच. कान-जबड्याची कळही इथूनच जाते. त्या गोळ्यांचा उपयोग नव्हता. या नव्या औषधाने उतरेल. आधीच लक्षात यायला हवं होतं."

"हवं होतं," ती म्हणाली. "दाढ कुणाकडे मागू?"



शनिवारी मास्तरांनी कागद दोनदा वाचला. माफी नाहीच. "म्हणजे दोनशे शर्ट तुझ्या गळ्याने घालवले," ते गुरगुरले. तरी मशीनवरून उठ म्हणायची त्यांची छाती झाली नाही. टेप का लावला नाही, हे मालक त्यांनाच विचारणार होते.

दुपारी नव्या मापाची कॉलर आली. सवयीने मास्तरांचे हात तिच्या गळ्याकडे गेले. तिने ते हवेतच झटकले.

"टेप लावा," ती म्हणाली. "हा गळा दीड महिना ओरडतोय. तुम्ही फक्त त्याचं माप घेतलंत."