गाडीनेच येईन

मी एक मोटार बोलतेय. रंग निळा, चालते डिझेलवर, आणि वय असं की मेकॅनिक बॉनेट उघडायच्या आधीच तोंड वाकडं करतो. स्वभावाने मी काळजीखोर. कुठे खुट्ट वाजलं की मला वाटतं, झालं, आता पट्टा तुटणार. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला तर माणसं त्याच्याकडे बघत निवांत गाणी ऐकतात. मी मात्र घरी पोचेपर्यंत जीव मुठीत धरून पळते.

जन्म झाला एका प्रचंड शेडमध्ये, लोखंडी हातांच्या गर्दीत. मायेचा पहिला हात लागला तो डॉक्टर रघुवीर यांचा. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलात ते हाडांचे डॉक्टर होते. त्यांनी मला दारात आणलं तेव्हा त्यांच्या पत्नीने, अलकाताईंनी, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. नारळ फोडायला दगड मिळेना, म्हणून डॉक्टरांनी तो शेजाऱ्याच्या विटांच्या भिंतीवर फोडला आणि त्याला अर्धा नारळ प्रसाद म्हणून दिला. त्याचं काय करायचं असतं, हे त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

डॉक्टर मला फार जपत. दर रविवारी अंघोळ, आणि अंघोळीबरोबर तेच एक स्वप्न. “रिटायर झालो की हिला घेऊन आल्प्स. फ्रान्समधून, स्वित्झर्लंडमधून, थेट इटलीच्या तळ्यांपर्यंत.” अलकाताई खिडकीतून म्हणायच्या, “आधी बर्मिंगहॅमच्या लग्नाला वेळेवर पोचवा.”

ते रिटायर झाले आणि पहिल्याच हिवाळ्यात ते झालं. आम्ही मोटरवेवर होतो. डॉक्टर बोलता बोलता मध्येच थांबले आणि त्यांचा हात छातीवर गेला. तशातही त्यांनी मला कडेला घेतलं, धोक्याचे दिवे लावले, हँडब्रेक ओढला. मग त्यांची मान खाली गेली. शेजारी, पुढच्या डाव्या सीटवर, अलकाताई होत्या. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्या त्यांना हाका मारत राहिल्या आणि मी दिवे उघडझाप करत राहिले. मला दुसरं येत काय होतं?

त्यानंतर त्या माझ्यात पुढे कधी बसल्या नाहीत. नाइलाजाने यावंच लागलं तर मागे बसत आणि डोळे मिटून घेत. लोकांना वाटायचं, त्यांना डुलकी लागली. पण झोपलेलं माणूस दाराची कडी इतकी घट्ट धरत नाही.

मला त्यांच्या मुलाने, समरने, मिल्टन कीन्सला नेलं. समर या देशातच जन्मला आणि वाढला. तो कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे, मराठी बोलतो पण जपून, पाय घसरेल की काय अशा बेताने. मला विकायचा विषय निघाला की तो विषय बदलायचा आणि मी सुटकेचा निःश्वास टाकायचे.

यंदा वसंतात त्याची बायको कस्तुरी कामावर होती, म्हणून तो आणि त्याची मुलगी तनू मला घेऊन आजीला आणायला कॉव्हेंट्रीला गेले. परतताना तो म्हणाला, “आई, या समर व्हेकेशनला आपण इटली करू या. बाबांचं राहिलं ना ते. कस्तुरीला लीव्ह कमी आहे, ती डायरेक्ट तिकडे येईल. आपण फ्लाइट घेऊ, टू अवर्स फक्त.”

“नको रे बाबा,” मागून अलकाताई म्हणाल्या. डोळे अर्थात मिटलेलेच होते. “बूट काढा, पट्टे काढा, हात वर करा. मी गाडीनेच येईन. सगळं बघत बघत.”

 समरने माझ्या स्टिअरिंगवर हलकेच थाप मारली आणि म्हणाला, “ओके आई. गाडीने.”

मला त्या दिवशी जो आनंद झाला तो काय सांगू. बाईंनी मला क्षमा केली असं मला वाटलं. चढावर मी कधी नव्हे ती धापा न टाकता गेले.

पुढे तयारी सुरू झाली. माझ्या पाठीवर यूके लिहिलेलं स्टिकर लागलं. तिकडे उजव्या बाजूने चालायचं, तेव्हा समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जाऊ नये म्हणून हेडलाइटवर काळे तुकडे लागायचे होते, ते आले. लाल त्रिकोण आला, पिवळी जाकिटं आली. त्याचबरोबर माझी धास्तीही वाढत गेली. आल्प्सचे चढ मला झेपतील का? तिकडच्या मोठ्या शहरांत जुन्या डिझेल मोटारींना मज्जाव असतो म्हणे, मला वेशीवरच अडवलं तर? आणि समुद्राखालून जायचं म्हणजे मला एका ट्रेनच्या पोटात उभं करणार होते. मी ट्रेनच्या पोटात, ही माणसं माझ्या पोटात आणि वर अख्खा समुद्र.

एका शनिवारी समर डिझेल भरून पैसे द्यायला आत गेला. अलकाताई मागे एकट्याच होत्या. हाउन्सलोच्या त्यांच्या मैत्रिणीचा, नीनाताईंचा, फोन आला आणि त्यांचा आवाज माझ्याच स्पीकरमधून घुमला.

“काय गं, तिकिटं झाली का तुमची?”

“कसली तिकिटं?” अलकाताईंचा आवाज एवढासा झाला होता. “अगं, मी गाडी म्हटलं ते रेल्वे म्हणून. लंडनला बसायचं, पॅरिसला बदलायची, खिडकीपाशी बसून डबा उघडायचा. आपण आयुष्यभर असंच म्हणत आलो ना, गाडी चुकली, गाडी लेट आहे? समरला वाटलं, ह्यांची ही गाडी.”

“मग सांग ना त्याला.”

“कसं सांगू? बाबांची इच्छा पुरी करतोय. इतक्या हौसेने स्टिकरं लावतोय. आणि परवा म्हणाला, आई, तिकडे तू पुढे बसायचंस. आपलं स्टिअरिंग उजवीकडे, रस्ताही उजवीकडचा, मला पुढचं काही दिसणार नाही. ओव्हरटेक करू का, हे तू बघून सांगशील.” त्यांनी आवाज आणखी खाली आणला. “नीना, मला त्या सीटवर नाही गं बसवत. या गाडीत बसले की छातीत धडधडतं माझ्या.”

समर परत आला, तशी त्यांनी फोन बंद केला. “छान ऊन पडलंय नाही?” त्या म्हणाल्या.

माझं अवसानच गेलं. क्षमा वगैरे काही नव्हती. ते आमंत्रण दुसरीचंच होतं आणि मी नटून बसले होते. समरला कसं सांगावं? हॉर्न वाजवून काही गाडी या शब्दाचे दोन अर्थ सांगता येत नाहीत.

यात आणखी एक गोम होती आणि ती फक्त मला ठाऊक होती. समरलाही मुळीच हौस नव्हती. ऑफिसला जाताना तो फोनवर उजवीकडून गाडी चालवण्याचे व्हिडिओ लावायचा आणि त्याच्या तळव्यांचा घाम माझ्या स्टिअरिंगला लागायचा. एकदा सिग्नलला थांबलेला असताना स्वतःशीच म्हणाला, “आय कान्ट डू धिस. पण आईला हवंय.” आईला वाटतं मुलाला हवंय, मुलाला वाटतं आईला हवंय, आणि दोघंही माझ्यात बसून माझ्यापासून सुटका मागत होते.

जायच्या आधीच्या रविवारी समर म्हणाला, प्रॅक्टिस करू. सकाळी एका मोठ्या दुकानाचं पार्किंग रिकामं असतं, तिथे गेलो. तनू मागे बसली. अलकाताई दारापाशी क्षणभर थांबल्या, मग पुढे, त्या डाव्या सीटवर बसल्या. पट्टा लावताना त्यांना खाच सापडेना. मी मनात म्हणाले, बाई, बोला काहीतरी. अजून वेळ गेली नाही.

समरने मला उजव्या बाजूने फिरवलं. मधल्या फुलांच्या वाफ्याला उलट्या अंगाने वळसे घातले. पुन्हा, पुन्हा. हळूहळू त्याचे खांदे सैल पडले. “सी? इट्स फाइन,” असं म्हणून त्याने मला घरच्या रस्त्याला लावलं.

या गावात पावलोपावली गोल चौक. पहिला चौक आला आणि समरचे हात, अर्धा तास जे शिकले होते तेच करून बसले. इथे डावीकडून जायचं, तो उजवीकडे वळला. समोरून एक पांढरी व्हॅन येत होती.

मी होतं नव्हतं तेवढं बळ लावून ब्रेक धरले. नाकाला नाक भिडेल इतक्या अंतरावर आम्ही थांबलो. व्हॅनवाल्याने नुसती मान हलवली, व्हॅन मागे घेतली, हात केला आणि गेला. समरने कसंबसं मला रस्त्याच्या कडेला आणलं आणि धोक्याचे दिवे लावले.

टिक, टिक, टिक. माझ्या पोटातला तो आवाज त्या सीटवरून अलकाताईंनी त्या एकाच दिवशी ऐकला होता. मला तो थांबवता येईना. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

“समर, ते दिवे बंद कर,” त्या म्हणाल्या.

त्याने केले. सगळं शांत झालं.

“मला गाडीने जायचं होतं रे.”

“गाडीनेच तर चाललोय आपण, आई.”

“ही गाडी नाही. गाडी. रुळावरची.”

समर त्यांच्याकडे वळला. “ट्रेन? तू ट्रेन म्हणत होतीस?” त्याने स्टिअरिंगवरून हात काढले. “मला वाटलं, तुला बाबांच्या कारमधूनच जायचंय. म्हणून मी… आई, मी खूप स्केअर्ड आहे. रोज स्वप्न पडतं मला, राँग साइडचं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू का नाही बोललीस?”

 मागून तनूचं डोकं पुढे आलं. “वेट. म्हणजे कोणालाच नको होती ही कार?”

 मी काच झाले होते, हात लागला असता तर तडकले असते.

“हवी होती,” अलकाताई म्हणाल्या. “तुझ्या आजोबांना.” आणि मग, त्या हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच, माझ्या त्या सीटवर बसून त्या रडल्या. समरने इंजिन बंद केलं आणि आईचा हात धरून बसला.  मला वाईट वाटलं का? वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्यांची छाती हळूहळू शांत होत गेली, ते मला पाठीला टेकलेल्या सीटमधून कळत होतं, आणि त्यापुढे इटली काहीच नव्हती.

ट्रेनची तिकिटं निघाली. अलकाताईंनी धपाटे केले, दशम्या केल्या, लोणचं बांधून घेतलं. काल सकाळी टॅक्सी यायची होती. बॅगा दारात आल्या, तेव्हा त्या समरला म्हणाल्या, “टॅक्सीला नको म्हणून सांग. स्टेशनपर्यंत हिच्यातून जाऊ.”

“आर यू शुअर, आई?”

त्यांनी पुढचं दार उघडलं आणि आत बसल्या. सबंध वाटभर त्यांचे डोळे उघडे होते. मी इतकी हळू आणि सांभाळून चालले की तनू कंटाळली.

आता मी स्टेशनजवळच्या पार्किंगमध्ये उभी आहे. परत आल्यावर माझं काय करायचं, हे समरने अजून ठरवलेलं नाही. दर थोड्या वेळाने पलीकडून एक गाडी धडधडत जाते. तिचा मला राग येत नाही. तिने माझ्या बाईंना जपून न्यावं आणि खिडकीपाशी जागा द्यावी, एवढंच मागणं आहे.

माझी काळजी वेगळीच आहे. बॅटरी जुनी आहे आणि इतके दिवस न हलता उभं राहायची मला सवय नाही. कालपासूनच थोडी थोडी शक्ती जातेय, ते आतल्या आत कळतं. पण काल उतरल्यावर अलकाताईंनी दार हळूच लोटलं, माझ्या छपरावर हात ठेवला आणि घरातल्या माणसाला सांगावं तसं म्हणाल्या, “येते हं.”

जाते नाही म्हणाल्या. तेव्हा त्या येतील त्या दिवशी मला पहिल्या किल्लीला सुरू व्हायलाच हवं.