संध्याकाळचं आमचं घर

कम्युनिस्ट पक्षाची राजवट जाऊन चार वर्षं झाली होती. राजधानीतून, तिरानाहून, एक साहेबीण आल्या आणि दोन दिवस आम्हा शिक्षकांना नागरिकशास्त्र कसं शिकवायचं ते सांगून गेल्या. मुलांना घोकायला लावायचं नाही, बोलतं करायचं, असा हुकूम होता. हुकूमच म्हणायचा, आम्हाला दुसरं काही समजतच नाही. पूर्वी दुरेसच्या याच शाळेत 'नैतिक-राजकीय शिक्षण' शिकवायला मीच होते. पुस्तक तेवढं बदललं.

पहिलाच उपक्रम होता, 'संध्याकाळचं आमचं घर' हे चित्र काढा आणि त्यावर बोला. मी हौसेनं दुसरीच्या वर्गात कागद वाटले. झाडून साऱ्या मुलांनी घर बाहेरून काढलं, खिडक्या बंद, माणूस एकही नाही. एतलेवानं तर कागद कोराच दिला.

"का गं, येत नाही?"

"येतं. पण बाबा म्हणालेत, शाळेत घर काढायचं नाही."

पटावर तिच्या बाबांचं नाव पाहिलं. बुयार. माझाच विद्यार्थी.

वीस वर्षांपूर्वी हेच चित्र मी त्याच्या वर्गाला काढायला लावलं होतं. कुणाच्या घरी काय चालतं ते पक्षाला मुलांच्या चित्रांतून कळायचं. आठ वर्षांच्या बुयारनं टीव्हीशेजारी बिअरचा कापलेला डबा काढला. तसा डबा अँटेनाच्या तारेला जोडला की टीव्हीवर समुद्रापलीकडची इटली दिसायची, आणि ती बघणं गुन्हा होता. मी ते चित्र पक्षाच्या सेक्रेटरीच्या टेबलावर नेऊन ठेवलं. बुयारच्या वडिलांना तांब्याच्या खाणीत आठ वर्षांची सजा झाली. तिसऱ्या वर्षी ते तिथेच गेले.

दुसऱ्या दिवशी बुयार शाळेत आला. दारातच टोपी काढून उभा राहिला.

"कॉम्रेड बाई..." त्यानं जीभ चावली. "बाई, पोरीवर रागावू नका. मीच सांगितलं होतं तिला."

मला माफी हवी होती, सरळच सांगते. म्हणून मी घाईघाईनं बोलून टाकलं, "बुयार, ते चित्र सेक्रेटरीकडे मी नेलं. तुझा काही दोष नव्हता."

"माहितीय, बाई. साऱ्या गल्लीला माहीत होतं."

"मग बाजारात भेटलास की नमस्कार कशाला करायचास रे?"

"न करून कसं चालेल? बाई आहात तुम्ही." तो टोपी हातात फिरवत राहिला. "बाबांनी बजावलं होतं, डबा काढायचा नाही. मला सगळं कळत होतं. पण तुम्ही माझ्या बाकाशी थांबलात, डोक्यावर हात ठेवलात. म्हणालात, 'किती छान काढतोस रे! अजून काय काय आहे घरात?' मग मी डबा काढला."

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. लाज वाटली.

"त्यानंतर चित्राला हात लावला नाही मी," तो म्हणाला. "एकच विचारायचंय. ते खरंच छान होतं का, बाई?"

मला फक्त डबा आठवत होता.

"हो," मी म्हणाले. "वर्गात सगळ्यात छान."

तो लहान मुलासारखा हसला. टोपी घातली आणि गेला.

वीस वर्षांपूर्वीही मी चित्राकडे न बघताच तसं म्हणाले असेन.