गॅलरीतल्या सीड्या

कॉम्प्युटरच्या दुकानांतून हिंडून हिंडून वहिनींच्या पायांचे तुकडे पडले होते. दुकानदारही एकेक नमुने. एक जण "आता सीडी कोण ठेवतं?" म्हणून हसला, दुसऱ्याने नवाकोरा कॉम्प्युटरच गळ्यात मारायचा प्रयत्न केला. वहिनींना नवा नको होता. घरचाच जुना थोडा सुधारून हवा होता, पण त्यासाठीची सीडी घरच्या डब्यातून गायब झाली होती. पाट्यांची अक्षरं कापायचं जुनं मशीन मोडीत गेलं होतं आणि नवं आणलेलं मशीन त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला ओळखच देईना.

वहिनींच्या नवऱ्याला सगळे पाटीवाले म्हणत. दारांवरच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या पाट्या त्यांच्याच. त्यांनी स्वतः काढलेली अक्षरं, जोडाक्षरांसकट, त्या कॉम्प्युटरमध्ये होती आणि दुसरीकडे कुठेही नव्हती. ती उतरवून घ्यायला पेनड्राइव्ह लावून पाहिला तर कॉम्प्युटर ढिम्म. त्याच्या काळात पेनड्राइव्ह जन्मालाच आलेला नव्हता. आणि पाटीवाल्यांचा हात आता थरथरायचा. चहाचा कपसुद्धा त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागे. ही अक्षरं गेली असती तर ती पुन्हा कुणी काढणार नव्हतं.

घरी येऊन वहिनी गॅलरीत मटकन बसल्या. डोळ्यांवर काहीतरी चमकलं म्हणून वर पाहिलं, तर दोरीला दोन सीड्या लटकत होत्या.

"आई, या कुठून आणल्या?"

"कपाटातल्या डब्यातून. नुसत्या पडून होत्या," सासूबाई म्हणाल्या. "बघ ना, तेव्हापासून एक कबूतर फिरकत नाही!"

शेजारीच कठड्यावर एक कबूतर मान वेळावत बसलं होतं. वहिनींनी कपाळावर हात मारला.

सीड्या मिळाल्या, पण निम्मंच काम झालं. त्यातली एक कॉम्प्युटर सुधारणारी. दुसरी त्याच्याबरोबरच आलेली, ती सगळं पुसून त्याला पहिल्या दिवसासारखा कोरा करणारी. कोणती कुठली, ते पाटीवाले डब्यातल्या जागेवरून ओळखत. वरची ही, खालची ती. उभ्या गावाला पाट्या लावणाऱ्या माणसाने घरातल्या सीड्यांवर एक अक्षर लिहिलं नव्हतं!

"घाल कुठलीही," पाटीवाले खुर्चीतूनच म्हणाले. "असा काय खजिना आहे त्यात?"

हात थरथरू लागल्यापासून ते प्रत्येक बाबतीत असंच बोलत. जेवण काय, दुकान काय, घाल कसंही, कर काहीही. वहिनींना त्याचा वीट आला होता.

"तुम्हाला नसेल, मला आहे," त्या फटकन म्हणाल्या. कबुतरांची घाण धुऊन, मऊ फडक्याने पुसून त्यांनी एक सीडी आत सरकवली.

कॉम्प्युटर घरघरला आणि पडद्यावर प्रश्न सुरू झाले. अमुक चालेल का? हो. तमुक मान्य आहे का? हो. वहिनींचे डोळे चुरचुरत होते, वाचायचं त्राण उरलं नव्हतं. घरात रोज जे करत होत्या तेच त्या इथेही करू लागल्या. कुणी काही विचारलं की हो म्हणायचं आणि पुढच्या कामाला लागायचं.

"अगं, थांब!"

पाटीवाले एवढ्या जोरात ओरडले, की सासूबाई आतून धावत आल्या. ते खुर्चीतून उठून वहिनींच्या मागे उभे होते. त्यांनी वहिनींचं मनगट घट्ट धरलं होतं. बोट बटणावर टेकायचंच बाकी होतं.

"सगळं पुसायचं का, म्हणून विचारतंय ते! काढ आधी ती सीडी! त्या 'क्ष'ने मला किती रडवलंय, ठाऊक आहे तुला?"

वहिनींना रडूच फुटलं. इतके महिने हा माणूस कशातच नव्हता, आणि आज एका अक्षरासाठी घर डोक्यावर घेत होता.

मग दुसरी सीडी घातली. या वेळी पाटीवाले शेजारी बसून प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत होते, आणि ते मान हलवतील तेव्हाच वहिनी बटण दाबत होत्या. काम रडतखडत चाललं, पण झालं. 'क्ष' जागच्या जागी होता. नव्या मशीनने तो मुकाट्याने कापूनही दिला.

वहिनींनी ती सीडी बाहेर काढून मार्करसकट त्यांच्यापुढे ठेवली. "आता तरी लिहा सीडीवर."

त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. "वाकडं येईल गं."

"येऊ दे."

त्यांनी लिहिलं, 'हीच'. 'ह' कलंडलेला, वेलांटी भलतीकडेच. दुकानात दुसऱ्या कुणी असली पाटी लिहिली असती तर त्यांनी ती भिरकावून दिली असती. वहिनी त्या शाईवर हळूहळू फुंकर घालत बसल्या.

"मग ती पुसणारी द्या मला," सासूबाई म्हणाल्या. "कबुतरांना तीच बरी."

"थांब, आई," पाटीवाले म्हणाले. मार्कर अजून त्यांच्या हातातच होता. "तिच्यावरही लिहितो."