मूळ कॅसेटमधली घरघर

रेकॉर्ड कंपनीला पाच वाजेपर्यंत एक नाव कळवायचं होतं. म्हाताऱ्याच्या जुन्या मैफलींचा चौथा अल्बम बाजारात यायचा होता. त्याचं वेष्टन छपाईला निघालं होतं आणि त्यातल्या धरणाच्या गाण्यावर गिटार कोणी वाजवली, हे कंपनीत कोणालाच ठाऊक नव्हतं. खुद्द म्हाताऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "मला काय विचारता? त्या वेड्यांना विचारा."

म्हातारा म्हणजे स्वतः गाणी लिहून स्वतःच गाणारा, आता ऐंशीच्या घरात पोहोचलेला गायक. आणि वेडे म्हणजे सुट्टीच्या दिवशी दाताच्या दवाखान्यात जमून त्याच्या जुन्या मैफली ऐकणारे तिघे: दवाखान्याचा मालक डॉक्टर, एक छापखानेवाला आणि बदली. बदली हे काही त्याचं नाव नव्हतं. तरुणपणी एका रात्री, नेहमीचा गिटारवाला तापाने फणफणला म्हणून, हा म्हाताऱ्याच्या मागे गिटार घेऊन बसला होता. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा विमा कार्यालयात गेला आणि तिथूनच निवृत्त झाला. ती एक रात्र त्याला चिकटली, नावासकट.

बदली वाजवायला बसला त्या सभागृहात लागोपाठ दोन रात्री मैफल झाली होती, आणि तो बसला दुसऱ्या रात्री. कॅसेट एकच मिळाली, वर काहीही न लिहिलेली. डॉक्टरने ती तिथल्या साउंडवाल्याकडून मिळवली, संगणकावर साफ केली आणि ठरवून टाकलं: पहिली रात्र. तीच साफ केलेली प्रत आता कंपनीकडे होती.

"कंपनीने तिसऱ्या अल्बमचं वाटोळं केलं तसं याचं करू नये म्हणजे झालं," छापखानेवाला म्हणाला. "टाळ्या कापल्या रे त्यांनी! टाळ्या कापून मैफल कसली राहते?"

"यात टाळ्या आहेत," डॉक्टर म्हणाला. "मग नाव नेहमीच्याच गिटारवाल्याचं. लिहू?"

"लिहू नका," बदलीची मुलगी म्हणाली.

ती वडिलांना सोडायला यायची आणि बाहेर गाडीत बसायची. आज ती आत आली होती, अक्कलदाढेच्या चित्राखाली उभी होती.

"काका, बाबा वर्षानुवर्षं सांगताहेत की ही दुसरी रात्र आहे. तुम्ही दोघं हसता. घरी आले की ते जेवतानासुद्धा बोलत नाहीत."

"बाळ, हसतो ते प्रेमाने," छापखानेवाला म्हणाला. "पण हिशेब बघ. तुझे बाबा म्हणतात, दुसऱ्या रात्री म्हाताऱ्याचा घसा बसला होता, तो खालच्या पट्टीत गायला. कॅसेटवर तो नेहमीच्याच पट्टीत आहे. धरणाचं गाणं तो जन्मात कधी खाली गायलेला नाही."

"एकदा गायला," बदली म्हणाला. "मेकअपच्या खोलीत बसून तारा सैल करून खाली उतरवल्या मी. सहाच्या सहा."

"झालं सुरू!"

मुलीने डॉक्टरकडे पाहिलं. "ती नेहमीची पट्टी कॅसेटवर आधीपासून होती, की तुम्ही साफ करताना आणली?"

डॉक्टरने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कॅसेट जरा संथ चालत होती. वेग थोडा वाढवला मी. तो खाली गातच नाही ना, मग संथच असणार."

छापखानेवाल्याने घड्याळ पाहिलं.

"अरे, म्हणजे पट्टीवरून रात्र ठरवली आणि पट्टी तूच ठरवलीस?"

"माझा अंदाज होता."

"मूळ कॅसेट लावा," मुलगी म्हणाली.

"फीत जुनी आहे. तुटली तर संपलं. आणि पट्टी खाली लागली, तर वाजवणारं यंत्रच संथ आहे, असं मीच म्हणू शकतो. मग?" डॉक्टर म्हणाला.

ही पळवाट त्याची त्यालाच आवडली नाही. तो स्वतःच्याच स्पीकरकडे पाहत राहिला. स्पीकर नेहमीसारखे बारीक घरघरत होते.

"घरघर," तो हळूच म्हणाला. "साउंडवाल्याच्या कॅसेटवर विजेची घरघर होती. मी ती आधी काढून टाकली, मग वेग वाढवला. विजेची घरघर तेव्हाही एकाच सुरात होती, आजही आहे. कॅसेट संथ असेल, तर तिची घरघर या घरघरीपेक्षा खाली लागेल."

हे त्याने गप्प गिळलं असतं तरी कोणाला कळलं नसतं. अल्बमवर त्याचे आभार छापायचं ठरलं होतं.

त्याने औजारांच्या खणातून कॅसेट काढली, पेन्सिलीने सैल फीत आवळली आणि बटण दाबलं. फीत कुरकुरली. बदलीने खुर्चीचा हात घट्ट धरला. मग गाण्याआधीची शांतता आली आणि त्या शांततेत घरघर. डॉक्टरने स्पीकरचा आवाज वाढवला. दोन्ही घरघरी एकमेकींत मिसळल्या. कुठेही हेलकावा नाही, वरखाली नाही. एकच सूर.

"संथ नाही," डॉक्टर म्हणाला.

मग म्हातारा गायला. खालून, बसक्या गळ्याने, शब्द जपून टाकत. मागे गिटार, आणि तिच्या जाड तारेची खडखड, उतरवलेली तार लाकडावर आपटते तशी. साफ केलेल्या प्रतीत ती ऐकूच आली नव्हती.

"तार सैल आहे," छापखानेवाला पुटपुटला. मग बदलीकडे न बघता म्हणाला, "ही खडखडही अल्बमवर जाईल हं. जगभर."

"जाऊ दे," बदली म्हणाला. "माझीच आहे."

तिसऱ्या कडव्यात फीत तुटली. कोणी उठलं नाही.

डॉक्टरने कंपनीला फोन लावला. आपली प्रत चुकीच्या वेगाची आहे, छपाई थांबवा, मूळ कॅसेट जोडून पाठवतो, आभारातून माझं नाव काढा, हे त्याने एका दमात सांगितलं. पलीकडून बराच वेळ आरडाओरडा ऐकू आला. तो "हो, हो" म्हणत राहिला. मग त्याने फोनवर हात ठेवला आणि बदलीकडे वळला.

"गिटारवाल्याचं नाव विचारताहेत." तो अडखळला. "पूर्ण नाव... काय रे तुझं?"

छापखानेवाल्याने मान खाली घातली. त्यालाही माहीत नव्हतं.

मुलगी सांगायला पुढे झाली, पण बदलीने तिला हाताने थांबवलं. त्याने उठून फोन स्वतःच्या हातात घेतला.